लोण्याची निर्यात आणि बालकांची दृष्टी : डेन्मार्क, १९१७-१८

प्रस्तावना

बालकांमधील अंधत्वाचा इतिहास बहुधा वैद्यकीय शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि देशात पिकणारे अन्न कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्नही त्याच्या केंद्रस्थानी आहे. पहिल्या महायुद्धकाळातील डेन्मार्क हे त्याचे बोलके उदाहरण होय.

निर्यात आणि आहार

१८८२ नंतर डेन्मार्कमध्ये सहकारी दुग्धालयांचे जाळे पसरले. तेथील लोणी प्रामुख्याने ब्रिटनच्या बाजारपेठेत जाऊ लागले. गरीब कुटुंबांच्या आहारात लोण्याची जागा स्वस्त मार्गारिनने, तर सकस दुधाची जागा मलई काढलेल्या दुधाने घेतली. मलईबरोबर दुधातील ‘अ’ जीवनसत्त्व निघून जाते. तत्कालीन वनस्पतिजन्य मार्गारिनमध्ये तर ते नव्हतेच. त्याच्या अभावी बालकांचे डोळे कोरडे पडत. आजार बळावल्यास बुबुळावरील पारदर्शक पटल मऊ होऊन दृष्टी कायमची जाई.

ब्लॉक यांचे निरीक्षण

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉक यांनी १९१७ मध्ये एका बालकाश्रमातील मुलांचा अभ्यास केला. सकस दूध मिळणाऱ्या मुलांना हा विकार झाला नाही. स्निग्धांशरहित आहारावरील अनेक मुलांना तो जडला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने ती बरी झाली. स्निग्ध पदार्थांतील या पोषक घटकाचा शोध अमेरिकेत १९१३ मध्येच लागला होता.

त्याच वर्षी जर्मन पाणबुड्यांच्या युद्धामुळे लोण्याची निर्यात खुंटली, तसेच मार्गारिनचा आयात कच्चा मालही थांबला. डिसेंबर १९१७ पासून लोण्याचे शिधावाटप सुरू झाले. गरिबांनाही परवडणाऱ्या दरात लोणी मिळू लागले आणि १९१८ मध्ये या विकाराचे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले. उत्पादन वाढले म्हणून नव्हे, तर वाटप बदलले म्हणून हे घडले.

भारतीय संदर्भ

भारताने १९७० मध्ये एक ते पाच वर्षे वयाच्या बालकांना दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला. तो आवश्यकच होता. मात्र औषधाची मात्रा रोजच्या आहाराची जागा घेऊ शकत नाही.

निष्कर्ष

दूध विपुल असलेल्या देशातही बालके अंध होऊ शकतात, हे डेन्मार्कच्या अनुभवावरून स्पष्ट होते. दुग्धोत्पादनात जगात अग्रेसर असलेल्या भारतानेही आपली प्रगती केवळ उत्पादनाच्या आकड्यांनी न मोजता, गरीब घरातील बालकाच्या वाटीत काय पडते यावरून मोजणे अगत्याचे आहे.