बहात्तर आरशांचं कूळ

अंधेरीला सहारच्या आयटीसी मराठा हॉटेलच्या गच्चीवर ‘अरुण’ नावाची सौर तबकडी बसवली, ती लाँड्रीला वाफ पुरवण्यासाठी. पवईच्या आयआयटीत प्रा. शिरीष केदारे यांच्या संशोधनातून ती घडली. २००६ साली लातूरच्या महानंद डेअरीत १६० चौरस मीटरची ‘अरुण’ लागली.  मी अडकलो तो एका बारकाव्यात : तबकडी वाटोळी, पण तिच्यावरचे आरसे सपाट!

हा सपाट काचेचा हट्ट मुंबईत आधी एकाने धरला होता. विल्यम ॲडम्स, पेशाने डेप्युटी रजिस्ट्रार. त्याच्या १८७८ च्या पुस्तकाचा विषयच उष्ण देशांत इंधनाऐवजी ऊन वापरण्याचा. उन्हावर बॉयलर तापवायला फ्रान्सच्या मूशोने चांदीचा मुलामा दिलेले धातूचे परावर्तक वापरले होते. ते महाग आणि लवकर काळवंडणारे. ॲडम्सने सतरा बाय दहा इंचांचे साधे आरसे एकेक करून वाढवत नेले, उष्णता मोजली आणि हिशेब केला : १२०० अंश फॅरनहाइटला ७२ आरसे लागतील. बॉयलर जागेवरच, आरशांची चौकट मात्र अर्धवर्तुळाकार रुळावर. एका मजुराने अधूनमधून ती सरकवायची. वाफेवर इंजिन चाललं, आणि ते बघायला त्याने गिरणीमालकांनाही बोलावलं.

जाणकार म्हणतील, मूळपुरुष फ्रेंच शास्त्रज्ञ ब्युफाँ. त्याने १७४७ साली सपाट आरशांनीच लाकडं पेटवली होती. पेटवली खरी, पण वाफ कुठे केली? सपाट आरशांनी वाफ करण्याचा मान ॲडम्सचाच. आता केदारे त्याचं पुस्तक उघडून बसले होते, असं मी म्हणत नाही. पण वाकवलेली काच महाग पडते आणि सपाट काच बाजारात मिळते, हा व्यवहार दोन्हीकडे एकच, आणि मला तेवढं नातं पुरतं.

गंमत पुढे आहे. ॲडम्सनेही वीस फुटांवरचं लाकूड क्षणात पेटवून दाखवलं होतं. आता जळकं लाकूडच वाफेच्या कामाला आलंय. २०१७ साली मेरीलँडच्या संशोधकांनी वरून जाळून काळं केलेलं लाकूड पाण्यावर तरंगवलं, चीनमधल्या नानजिंगच्या मंडळींनी अळंबी. काळा पृष्ठभाग ऊन शोषतो, पाणी लाकडाच्या नळ्यांतून किंवा अळंबीच्या देठातून वर चढतं आणि वरचा थरच तापून वाफ होते. आरसा नकोच! मात्र या वाफेला दाब नसतो. खारं पाणी गोडं करायला ती चालते. हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायला अजून आरसेच लागतात.