ठाण्याचा अपुरा किल्ला : उत्तर फिरंगाणावरील एक छापा

१/ ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या जुन्या किल्ल्यात आहे, त्याचे बांधकाम पोर्तुगीजांनी आरंभले आणि मराठ्यांनी पुरे केले. एका किल्ल्याला परस्परांचे शत्रू असे दोन बांधकर्ते लाभले, याचे कारण मार्च १७३७ च्या अखेरीस पडलेला एक छापा.

२/ गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याशी १५३४ मध्ये झालेल्या तहाने वसई व तिचा परिसर पोर्तुगीजांकडे गेला. साष्टीपासून दमणपर्यंतच्या या पट्ट्याला ते 'उत्तरेचा प्रांत' म्हणत. मराठी लेखनात तो 'उत्तर फिरंगाण' होय.

३/ १७२० च्या सुमारास कल्याण मराठ्यांकडे आले. पुढे साष्टी बेट. मध्ये फक्त खाडी. घोडदळाचा उपयोग पाण्यापाशी संपे आणि पाण्यावर फिरंग्यांचे वर्चस्व होते. ठाण्याचा उतार रोखण्यासाठीच त्यांनी तेथे किल्ला बांधावयास घेतला.

४/ धर्मांतराची सक्ती, सणसमारंभांवरील निर्बंध आणि वतनांवरील गदा यांमुळे स्थानिक प्रतिष्ठित मंडळी दुखावली होती. भिवंडीजवळील अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू, तसेच मालाडचे अंताजी रघुनाथ यांनी पेशव्यांकडे धाव घेतली. खाडीचे उतार आणि शत्रूची ठाणी या माणसांना ठाऊक होती. मोहिमेचे खरे भांडवल हेच.

५/ चिमाजी आप्पांनी बेत गुप्त ठेवला. किल्ला पुरा होण्यापूर्वीच मराठे साष्टीत उतरले. उत्तर प्रांताचा पोर्तुगीज अधिकारी लुईस बोतेल्यो ठाणे सोडून उरणजवळच्या करंजाला निघून गेला. मागे राहिलेल्या शिबंदीने काही हल्ले परतवले. पण अखेर तिचा धीर खचला आणि ठाणे पडले.

६/ त्याच सुमारास शंकराजी केशव वसईवर चालून गेले. तेथे बहादूरपुरा हाती आला, किल्ला मात्र आला नाही. अपुऱ्या तटावर अचानकपणाची मात्रा चालली. पुऱ्या तटापुढे ती निष्प्रभ ठरली.

७/ दुसऱ्या महायुद्धातील उदाहरण येथे उद्बोधक ठरते. मार्च १९४१ मध्ये ब्रिटिश कमांडो जर्मनव्याप्त नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर उतरले. सोबत नॉर्वेचे सैनिकही होते. तेलाचे कारखाने उद्ध्वस्त करून ते त्याच दिवशी परतले. नॉर्वे मात्र १९४५ पर्यंत जर्मनांच्याच ताब्यात राहिला.

८/ मराठे परतले नाहीत. फिरंग्यांचा अपुरा किल्ला त्यांनी स्वतःच पुरा केला. १७३८ च्या अखेरीस पेद्रो दे मेलो आरमार घेऊन ठाणे परत घेण्यास आला, तेव्हा ठाण्याच्या तोफेचा गोळा लागून तोच मारला गेला. मुंबईच्या इंग्रजांनी मराठ्यांना आगाऊ खबर दिली, अशी पोर्तुगीजांची तक्रार होती.

९/ वसई पडली ती मे १७३९ मध्ये. सुरुंग, तोफा आणि मोठी प्राणहानी यांनंतर. तहाने शिबंदीला सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्माचरणाची मुभा दिली.

१०/ वसईच्या विजयाचे स्मरण सर्वत्र होते. ठाण्याचे फारसे होत नाही. परंतु ठाणे हातचे गेले असते, तर साष्टीतील मराठ्यांचा परतीचा मार्गच तुटला असता. छाप्याने मिळालेली जागा टिकली ती त्यानंतर रचलेल्या दगडांमुळे.