नादारीचा जुना निकाल आणि सरकारी सुरक्षा पडताळणी

इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९ फेब्रुवारी १९८४ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाली. अणुऊर्जा विभागाच्या या संस्थेत लेसर व कण त्वरक यांवर संशोधन चालते. ‘इंडस-१’ आणि ‘इंडस-२’ हे सिंक्रोट्रॉन तेथेच आहेत. अशा ठिकाणी नेमणूक होताना उमेदवाराचे चारित्र्य व पूर्ववृत्त तपासले जाते. दुसरीकडे, इंदूर हे व्यापाऱ्यांचे शहर. सराफ्यात किंवा कापडबाजारात एका घराचा धंदा बुडाला, की कर्जाच्या कागदावर सही केलेला मुलगाही त्यात ओढला जातो. पुढे त्यालाच केंद्र सरकारची नोकरी चालून आली, तर नादारीचा जुना निकाल तिच्या आड येतो काय?

याचे उत्तर शोधताना प्रथम १९२० चा प्रांतिक नादारी कायदा पाहावा लागतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग सरसकट अमलात आलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो केवळ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. अशा हमीदारांची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालतात. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा स्वतंत्र कायदा आहे. इंदूरच्या सामान्य कर्जदाराला मात्र जुन्याच कायद्याखाली जिल्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते.

या शंभर वर्षांच्या कायद्यात एक फार मोलाची तरतूद आहे. कलम ७३ नुसार नादार ठरलेल्या व्यक्तीला दंडाधिकारी होता येत नाही किंवा स्थानिक संस्थेवर निवडूनही जाता येत नाही. परंतु नादारीतून मुक्त करताना, ही नादारी दुर्दैवाने ओढवली, तीत कर्जदाराचे कोणतेही गैरवर्तन नव्हते, असा दाखला न्यायालयाने दिला तर ही अपात्रता संपुष्टात येते. याउलट सट्टा, जुगार, उधळपट्टी किंवा हिशेबाच्या वह्या न ठेवणे ही मुक्तता नाकारण्याची कारणे कलम ४२ मध्ये नोंदवली आहेत. सुरक्षेच्या दृष्टीने पाहणारा अधिकारीही नेमका हाच भेद शोधत असतो. मुक्ततेचा आदेश आणि हा दाखला यांच्या प्रमाणित प्रती म्हणूनच जन्मभर जपून ठेवण्याजोग्या आहेत.

नोकरीत शिरल्यावर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १७ लागू होतो. सवयीचे कर्जबाजारीपण व नादारी टाळावी, आणि वसुलीची किंवा नादारीची कारवाई सुरू होताच तिची संपूर्ण हकिकत सरकारला कळवावी, असे हा नियम सांगतो. खरी मेख त्याखालच्या टिपेत आहे. संकट अनपेक्षित किंवा आवाक्याबाहेरचे होते व ते उधळेपणातून आलेले नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावरच टाकलेली आहे. गोवा शासनाच्या कर्मचाऱ्यांना हीच नियमावली लागू आहे. दाबोळीच्या नौदल तळावरील नागरी कर्मचारीही तिच्या कक्षेत येतात.

नेमणुकीपूर्वीच्या साक्षांकन अर्जात मुख्य भर अटक, खटला, शिक्षा आणि परीक्षेतून बाद होणे यांवर असतो. दिवाणी कर्ज हा त्यातला मुख्य विषय नव्हे. खोटी माहिती देणे अथवा माहिती दडवणे ही अपात्रता ठरू शकते, असा इशारा मात्र अर्जातच दिलेला असतो. फौजदारी प्रकरणे दडवण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात प्रत्येक प्रकरणाचे स्वरूप व पदाची संवेदनशीलता पाहून निर्णय घ्यावा, असे सांगितले. दिवाळखोरीवर तो निकाल नसला, तरी प्रशासन कसा विचार करते ते त्यातून कळते.

बँकांची गोष्ट अधिक कडक आहे. अलीकडच्या बँकभरतीच्या जाहिरातींत कर्जफेडीचा इतिहास चांगला असण्याची अट स्पष्टपणे घातली जाते. स्टेट बँकेने पतइतिहास प्रतिकूल असल्याच्या कारणावरून रद्द केलेली एक नेमणूक मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याने स्वतःचा पैसा कसा हाताळला, हे विचारण्यात गैर काही नाही. तथापि घरच्या आजारपणापायी थकलेला हप्ता आणि बेफिकिरीने थकवलेला हप्ता यांतला फरक पतगुणांकाच्या आकड्यात दिसत नाही.

अमेरिकेने हा विषय अधिक नेमकेपणाने लिहून ठेवला आहे. आर्थिक व्यवहारांसाठी तेथे स्वतंत्र निकष असून अर्जात गेल्या सात वर्षांतील दिवाळखोरी विचारली जाते. नोकरी जाणे, धंदा बसणे, आजारपण, घटस्फोट ही कारणे असतील आणि त्या काळात माणूस जबाबदारीने वागला असेल, तर ती त्याच्या बाजूने धरली जातात. या दक्षतेमागे अनुभव आहे. सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८५ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली सोव्हिएत हेरखात्याकडे वळला आणि १९९४ मध्ये पकडला गेला. फेडून झालेल्या किंवा न्यायालयाने मिटवलेल्या कर्जापेक्षा गुपचूप चालू असलेले कर्ज तपास यंत्रणांना अधिक अस्वस्थ करते, त्याचे कारण हेच.

पगारावर जप्ती आली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० थोडा आधार देते. पोटगीखेरीज अन्य हुकूमनाम्यासाठी पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. त्याच हुकूमनाम्यासाठी जप्ती २४ महिने चालली, की त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा मोकळा होतो.