नगररचनाकार एकत्र जमतात तेव्हा

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला 'एम्डन' नावाच्या जर्मन युद्धनौकेने हिंदी महासागरात नुसता हाहाकार उडवून दिला होता. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रास बंदरावर तोफा डागल्या आणि तेलाच्या टाक्या पेटवून दिल्या. तमिळमध्ये धाडसी, बेरकी माणसाला 'एम्डन' म्हणण्याची पद्धत तेव्हापासून पडली. पुढच्याच महिन्यात तिने 'क्लॅन ग्रँट' हे ब्रिटिश व्यापारी जहाज बुडवले. युद्धाच्या इतिहासात या जहाजाला जेमतेम एखादी ओळ मिळते. आपल्या विषयाशी मात्र त्याचा जवळचा संबंध आहे, कारण त्या जहाजावर देशोदेशींच्या शहरांचे नकाशे, रेखाचित्रे आणि छायाचित्रे होती. हे सारे मद्रासला एका प्रदर्शनासाठी निघाले होते. ते समुद्राच्या तळाशी गेले.

हे प्रदर्शन पॅट्रिक गेडीस यांचे. गेडीस मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, स्कॉटलंडचे. झाडाचा अभ्यास जसा त्याच्या मातीपासून करावा लागतो, तसा शहराचा अभ्यास त्याच्या गल्लीबोळांपासून करावा, असे त्यांचे म्हणणे. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेन्टलंड यांनी त्यांना बोलावून घेतले होते. सुदैवाने ते स्वतः आपल्या मुलाबरोबर दुसऱ्या जहाजाने आले, म्हणून वाचले. पण हातात एकही नकाशा नाही, अशी अवस्था.

आज नगररचनाकाराला शिकण्याची आणि एकमेकांना भेटण्याची साधने पुष्कळ आहेत. पदव्या आहेत, परिषदा आहेत, कार्यशाळा आहेत, प्रशिक्षण वर्ग आहेत. १९१४ मध्ये आपल्याकडे यातले काहीच नव्हते. इंग्लंडमध्येही हा व्यवसाय नुकता कुठे बाळसे धरत होता. लिव्हरपूल विद्यापीठात या विषयाचा विभाग निघाला १९०९ मध्ये, लंडनला पहिली मोठी परिषद भरली १९१० मध्ये, आणि या मंडळींची व्यावसायिक संस्था स्थापन झाली ती १९१४ मध्ये. म्हणजे गेडीस यांचे प्रदर्शन हीच एक फिरती शाळा होती. ती बुडाल्याचे कळताच इंग्लंडमधल्या त्यांच्या मित्रांनी, व्यवसायबंधूंनी, जमेल तिथून नवे नकाशे आणि चित्रे गोळा केली आणि भर युद्धात पुन्हा जहाजावर चढवली. जानेवारी १९१५ मध्ये प्रदर्शन मद्रासला उघडले. चारपाच वर्षांपूर्वीच्या परिषदेत झालेल्या ओळखी अशा कामी आल्या.

पुढे हे प्रदर्शन मुंबई, नागपूर, कलकत्ता असे फिरले. मुंबई इलाख्यात त्याला वेळही नेमकी साधली होती. १९१४ मध्ये सरकारने 'कन्सल्टिंग सर्व्हेअर' हे पद निर्माण केले होते. आजचा महाराष्ट्राचा नगररचना विभाग आपला जन्म तिथूनच मोजतो. त्या पदावर आर्थर मिरॅम्स नावाचे अधिकारी होते. १९१५ मध्ये मुंबईचा नगररचना कायदा झाला, तो देशातला पहिला. त्याची युक्ती साधी होती. वेड्यावाकड्या जमिनींचे सगळे तुकडे कागदावर एकत्र करायचे, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेल्या जमिनीचे सुबक भूखंड पाडून ते मूळ मालकांनाच परत द्यायचे, आणि जमिनीची किंमत वाढते त्यातला वाटा खर्चासाठी घ्यायचा. मुंबईच्या उपनगरांत पत्त्यांमध्ये 'टी. पी. एस.' ही अक्षरे दिसतात ना, ती या योजनांची खूण. तिथे राहणाऱ्या कितीतरी जणांना त्याचा अर्थ ठाऊक नसतो!

कायदा आला, पण तो राबवणारे कुठून आणायचे? अधिकारी होते ते इंजिनिअर किंवा भूमापक. त्यांना रस्ता सरळ कसा काढावा हे ठाऊक होते. वाटेत येणारे घर का पाडू नये, हे त्यांना शिकवणारे कोणी नव्हते. गेडीस तेच शिकवत होते. दाट वस्तीतून रुंद रस्ता आरपार न काढता एखादे पडके घर काढावे, एखादा बोळ मोकळा करावा, विहिरीभोवतीची जागा राखावी, असा त्यांचा आग्रह. त्याला त्यांनी जपून केलेली शस्त्रक्रिया म्हटले. इंजिनिअर मंडळी वैतागत. गेडीस बोलायला लागले की थांबत नसत, ही आणखी एक अडचण.

त्यांच्या प्रदर्शनात सामान्य माणसालाही जागा होती, आणि मला वाटते हीच त्यांची खरी कमाई. इंदूरची हकीकत प्रसिद्ध आहे. होळकरांच्या त्या शहरात प्लेगची धास्ती होती. १९१७ च्या दिवाळीत गेडीस यांनी एक भव्य मिरवणूक काढवली. तिचा मार्ग नेहमीचा नव्हता. ज्या वस्तीतले लोक घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ ठेवतील तिथून ती जाईल, असे जाहीर झाले. मग काय, घरोघरी झाडलोट आणि रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीरही होता. त्याच वर्षी गेडीस यांचा मुलगा युद्धात मारला गेला होता आणि पत्नीचे कलकत्त्यात निधन झाले होते. त्या माणसाने त्या वर्षी हे केले.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक नेमले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यामागे त्यांचीच शिफारस होती. १९२४ मध्ये गेडीस गेले आणि घुर्ये विभागप्रमुख झाले. समाजशास्त्राचा तिथे वटवृक्ष झाला. नगररचनेची फांदी मात्र वाळून गेली. दिल्लीत या विषयाची स्वतंत्र शाळा निघायला १९५५ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात नगररचनाकारांचा एक मेळा जहाजावरच भरला. २९ जुलै १९३३ रोजी 'पात्रिस दुसरे' हे जहाज मार्सेलहून अथेन्सला निघाले. त्यावर आधुनिक वास्तुरचनाकारांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे सुमारे शंभर लोक होते, त्यांत ल कॉर्ब्युझिए प्रमुख. अधिवेशन मॉस्कोला व्हायचे होते, ते रद्द झाले म्हणून हा समुद्रप्रवास. जगातल्या ३३ शहरांचे नकाशे एकाच प्रमाणात, एकाच खुणांनी काढून त्यांनी डेकवर मांडले आणि चर्चा केली. राहणे, काम करणे, विरंगुळा आणि ये-जा अशी शहराची चार कामे ठरवून प्रत्येकाला वेगळी जागा द्यावी, असा त्यांचा सूर. त्या ३३ शहरांत भारतातले एकही नव्हते. पण त्या चर्चेचे फळ आपल्याला मिळाले. १९५० मध्ये पंजाबचे दोन अधिकारी नव्या राजधानीसाठी माणसे शोधत लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू भेटले. ते दोघे याच मंडळातले. त्यांनी ल कॉर्ब्युझिए यांचे नाव सुचवले. १९५१ च्या फेब्रुवारीत ल कॉर्ब्युझिए आले आणि चंडीगडचा आराखडा थोड्याच दिवसांत कागदावर उतरला. पूर्ण शहराचे नशीब ओळखीपाळखीतून असे ठरते, याचे नवल वाटते आणि थोडी भीतीही.

मुंबईचे उदाहरण वेगळे आहे. महापालिकेचे इंजिनिअर नारायण मोडक यांनी अमेरिकन नियोजनकार आल्बर्ट मेयर यांच्याबरोबर १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा तयार केली. मोडकांचे नाव आपण घेतो ते वैतरणेवरच्या मोडक सागरामुळे, या आराखड्यामुळे फारसे नाही. शहराच्या नळांची खडान् खडा माहिती असलेला माणूस आणि बाहेरून आलेला अनुभवी माणूस एका टेबलाशी बसले, तर दोघेही शिकतात.

जुलै १९५१ मध्ये भारतीय नगररचनाकारांची आपली संस्था स्थापन झाली, इंग्लंडच्या संस्थेच्या धर्तीवर. दरवर्षीची तिची परिषद या व्यवसायातल्या लोकांच्या भेटीचे ठिकाण झाली. पण तिचे मला अधिक मोलाचे वाटणारे काम म्हणजे परीक्षा. नियोजनाच्या महाविद्यालयात न जाता, नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यालाही ही परीक्षा देऊन व्यवसायात शिरण्याची वाट तिने ठेवली. परिषदेचे फोटो वर्तमानपत्रात येतात, रात्री कंदिलाशी बसून केलेल्या अभ्यासाचे येत नाहीत.

मग आले १९५४. संयुक्त राष्ट्रांनी नवी दिल्लीत घरबांधणी आणि वस्ती-नियोजनावर परिसंवाद भरवला. तो जॅकलिन टिरविट या बाईंनी चालवला. गेडीस यांचे भारतातले अहवाल संपादित करून १९४७ मध्ये ग्रंथरूपाने आणणाऱ्या त्याच. तिथे ग्रीसचे कॉन्स्टंटिन डॉक्सिआडिस त्यांना भेटले. त्या भेटीतून १९५५ मध्ये एक नियतकालिक निघाले. ते आधी टंकलिखित माहितीपत्रकासारखे होते. उष्ण देशांत काम करणाऱ्या, एकमेकांपासून हजारो मैल दूर बसलेल्या नियोजनकारांना दुसरीकडे काय चालले आहे ते कळावे, एवढाच त्याचा हेतू. पुढे हेच डॉक्सिआडिस इस्लामाबादचे आराखडाकार झाले. १९६३ मध्ये त्यांनीही एक जहाज घेतले! मार्गारेट मीड, मार्शल मॅक्लुहन, बकमिन्स्टर फुलर अशा ३४ जणांना ग्रीक बेटांतून फिरवले आणि डेलॉस बेटावर मशालींच्या उजेडात जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या. थोडे नाटकीच म्हणायचे. पण हे मेळे १९७२ पर्यंत दरवर्षी भरत राहिले.

आता पुन्हा मुंबईला येऊ. महापालिकेने १९६४ मध्ये विकास आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तीन तरुण मित्रांनी म्हटले, शहर असेच उत्तरेला लांबवत नेण्याऐवजी खाडीपलीकडे जोडशहर वसवा. मुल्कराज आनंद यांच्या 'मार्ग' नियतकालिकाने १९६५ मध्ये त्यावर अंक काढला. त्यांच्याजवळ पद नव्हते. एकमेकांशी वाद घालण्याची सवय आणि छापणारा संपादक, एवढ्यावर सरकारला विचार करावा लागला. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. व्यावसायिकांच्या मैत्रीचे इतके मोठे फळ आपल्याकडे दुसरे नसेल.

आणि तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी गेल्या, तिथले आगरी, कोळी, शेतकरी त्या चर्चेत नव्हते. ते पुढे रस्त्यावर आले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर उरण परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतर आली. १९१५ च्या कायद्यात जमीनमालकाला भूखंड परत देण्याची सोय मुळातच होती, हे आठवले की मन विषण्ण होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये नीती आयोगाने या व्यवसायाचा हिशोब मांडला. राज्यांच्या नियोजन विभागांत १२,००० हून अधिक नगररचनाकार हवेत. मंजूर पदे होती ४,००० च्या आत, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी रिकामी. देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांना आराखडाच नव्हता. अशा कार्यालयातल्या एकट्या माणसाने परिषदेला जायचे म्हटले, तर मागे टेबल कोण सांभाळणार? दूरच्या नगरपालिकेत बसलेल्या अशा माणसाला सहकाऱ्याची गरज महानगरातल्या तज्ज्ञापेक्षा जास्त असते आणि संधी सर्वांत कमी.

मुंबईचा नवा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये लोकांसमोर आला तेव्हा नकाशे विभाग कार्यालयांत लावले गेले. लोक आपली इमारत, आपले मैदान शोधू लागले. कुठे उभ्या इमारतीवरून रस्ता गेला होता, कुठे वारसा वास्तूंची नोंदच नव्हती. रहिवासी, वास्तुविशारद, निवृत्त अधिकारी, विद्यार्थी एकत्र बसले, नकाशा हातात घेऊन गल्लोगल्ली फिरले, आणि हजारो हरकती दाखल झाल्या. एप्रिलमध्ये सरकारने तो आराखडा दुरुस्तीसाठी परत पाठवला. सुधारलेला आराखडा मंजूर व्हायला २०१८ साल उजाडले.