कागदावरचे कॅसिनो

मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. तरीही १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कॅसिनोंना परवाना देऊन कर आकारण्याचा कायदा संमत केला; मात्र तो कधीच अमलात आला नाही. शेजारच्या गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रे आली. पुढे मांडवीच्या पात्रात कॅसिनोंच्या बोटी उभ्या राहिल्या. इकडेही महसुलाच्या आशेने तो निद्रिस्त कायदा जागवण्याची मागणी होत राहिली. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. देहूरोडच्या कष्टकरी कुटुंबांत वावरणाऱ्या आम्हांस तो योग्यच वाटतो. परंतु सणाच्या दिवशी चर्चच्या पटांगणात हाऊजीची तिकिटे आम्हीच विकतो! शासनाने दार लावले. आता आपले अंगण आपण तपासावयास नको काय?