बैलाचे दात आणि संगणकाची वेसण

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी दात पाहतो, मग खूर पाहतो, मग चार पावले चालवून पाहतो. विकणाऱ्याच्या गोड बोलण्याकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी. संगणक घेणारा मात्र नेमका उलट क्रम लावतो.

मला लिनक्सवर चालेल असा संगणक हवा होता. दुकानदार म्हणाला, "चालेल की साहेब, सगळं चालतं!"

"वाय-फायसुद्धा?"

"तेही चालेल हो. नाहीच चाललं तर विंडोज टाकून देतो!"

म्हणजे उपवासाचे काही आहे का विचारावे आणि 'आहे ना, नाही आवडलं तर मिसळ देतो' असे उत्तर यावे, त्यातलाच प्रकार.

वास्तविक लिनक्सचा जन्मच मुळी संगणकाच्या खरेदीतून झाला. १९९१ च्या जानेवारीत हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ३८६ जातीचा संगणक हप्त्यांवर घेतला आणि त्याला चालवणारी प्रणाली स्वतःच लिहायला बसला. २५ ऑगस्टला त्याने चारचौघांना कळवले, की हा आपला नुसता छंद आहे. आपल्याकडे आहे त्या जातीच्या हार्डडिस्कखेरीज दुसरी तिला बहुधा कधीच चालणार नाही. इतका प्रामाणिक विक्रेता मी आजवर पाहिलेला नाही. अर्थात तो काही विकत नव्हता म्हणा! पण मूळ लिखाण त्याने उघडे ठेवले. मग ज्याने त्याने आपापल्या यंत्राची सोय त्यात लिहून घातली आणि छंदाचा संसार झाला.

आम्हां नगरकरांना, म्हणजे आता अहिल्यानगरकरांना, यात नवल वाटू नये. ज्ञानेश्वरांनी संस्कृतात कुलूपबंद असलेली गीता शके १२१२ मध्ये मराठीत मोकळी केली, ती याच नेवाशात. पुढे नकला करणाऱ्यांनी तीत पदरच्या ओव्या घुसडल्या. शेवटी शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. उघड्या ग्रंथाला राखणदार लागतोच. लिनक्सच्या घरीही कोणी काय लिहून घालायचे, यावर कडक पहारा असतो.

मग अडते कुठे? यंत्राच्या पोटात. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांना नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचे मूळ लिखाण मिळेना. त्या चिडीची आठवण ठेवून त्यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीचा संकल्प सोडला. १९९० नंतरच्या दशकात असे स्वस्त मोडेम आले, की त्यांचे निम्मे काम विंडोजच करी; लिनक्सपुढे ते नुसतेच बसून राहत. अजूनही वाय-फायच्या एखाद्या चकतीचे गुपित कारखानदार कुणाला सांगत नाही, आणि सगळे घोडे तिथे पेंड खाते.

म्हणून शहाण्याने लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह खिशात घालून दुकानात जावे. संगणकात काहीही न भरता त्यावरूनच तो सुरू करून पाहता येतो. वाय-फाय पकडतो का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का, हे तिथेच पाहावे. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्यावा. पैसे आपण मोजायचे आणि वेसण दुसऱ्याच्या हाती राहायची, असला व्यवहार घोडेगावात कोणी केल्याचे ऐकिवात नाही.