मामावर गेलेलं पोर

1955 साल. नांदेड अजून हैदराबाद राज्यात आहे. तुमचा सात वर्षांचा मुलगा काल अंगणात पडला. वरून साधं खरचटलेलंही नाही, पण गुडघा टम्म फुगलाय आणि पोर हात लावू देत नाही. शेजारीण म्हणते, बिबा घाला. सासूबाई हळदीचा लेप गरम करता करता पुटपुटतात, "पोरगं मामावर गेलं." तुमच्या काळजात चर्र होतं. तुमचा भाऊ दात पडल्याचं निमित्त होऊन, रक्त न थांबल्यानं गेला होता.

सासूबाईंनी नेमकं हेरलंय. हा हिमोफिलिया, रक्त नीट न गोठण्याचा आजार. तो आईच्या एक्स गुणसूत्रातून येतो आणि बहुतेक वेळा मुलग्यांत दिसतो. यात आईचा काडीचाही अपराध नाही, पण त्या घरात हे बोलणारं कुणी नाही.

मीटरगेजच्या गाडीनं तुम्ही त्याला हैदराबादच्या उस्मानिया दवाखान्यात नेता. ताजं रक्त चढवतात. रक्त गोठवणारं 'फॅक्टर आठ' त्यात इतकं थोडं, की पुरेसं मिळावं म्हणून बाटल्यांवर बाटल्या द्याव्यात तर तेवढं पाणी लहानग्याच्या हृदयाला झेपत नाही. तुम्ही परत येता. गुडघा नीट वाकत नाही तो नाहीच.

उत्तराची सुरुवात मात्र आधीच झालेली आहे. आणखी मागे चला, बोस्टनला. हार्वर्डमध्ये एडविन कोहन प्लाझ्मात थंडगार अल्कोहोल मिसळतायत. आम्लता आणि तापमान बदललं की एकेक प्रथिन खाली बसतं. त्यातलं अल्ब्युमिन डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरच्या भाजलेल्या सैनिकांना दिलं गेलं. मग 1964, स्टॅनफर्ड. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच सावकाश वितळू दिला तर तळाशी उरणाऱ्या गाळात फॅक्टर आठ असतं, हे ज्युडिथ पूल दाखवून देतात. तुमचा मुलगा तोवर सोळा वर्षांचा आहे, लंगडतो.

ऐंशीचं दशक जड मनानं ओलांडा. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून बनलेल्या फॅक्टरच्या औषधानंच जगभरच्या कितीतरी रुग्णांना एचआयव्ही दिला. विषाणू मारण्यासाठी उष्णता आणि रसायनं सर्रास वापरली जाऊ लागली, ती त्यानंतर.

आता आजचं नांदेड. तसाच गुडघा, वीस किलोचं तसंच पोर. कुपीतली पांढरी भुकटी पाण्यात विरघळते आणि 500 युनिट शिरेतून जातात. फॅक्टरची पातळी सुमारे 50 टक्क्यांनी वाढते, आतला रक्तस्राव थांबतो. हल्ली हे फॅक्टर दात्याच्या रक्ताशिवायही बनवता येतं. पण आरएच निगेटिव्ह बाळंतिणीचं अँटी-डी, लिव्हरच्या रुग्णाचं अल्ब्युमिन आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळाचं इम्युनोग्लोब्युलिन अजूनही मुख्यतः माणसाच्याच प्लाझ्मातून येतं.

म्हणून 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, लातूर-नांदेडच्या एखाद्या शिबिरात रक्त द्याल तेव्हा रक्तपेढीला एवढं विचारा: माझं रक्त घटकांत वेगळं करता का, आणि उरलेला प्लाझ्मा औषधासाठी पाठवता का?